कोर्टाची पायरी

मुलांनो, 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण तुम्ही घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. या म्हणीत अनुभवाचे सार आहे; परंतु ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे कोणते, ते या पाठात पाहू.

कुळगावात आता दाट वस्ती झाली आहे; तथापि बदलापूरच्या आसपासच्या खेड्यांत अजूनही आषाढात भाताची लावणी होते. अशा एखाद्या खेड्यात दोन चुलतभावांची शेते एकमेकांना लागून आहेत, अशी कल्पना करा. पावसात मधला बांध खचला. धाकट्याने तो नव्याने घातला. "बांध माझ्या शेतात हातभर सरकला," असे थोरला म्हणू लागला. "दादा, बांध होता तेथेच आहे," असे धाकट्याचे म्हणणे. आधी बोलणे बंद झाले, मग एकमेकांच्या घरच्या लग्नकार्याला जाणे थांबले, आणि एके सकाळी दोघांच्याही हाती काठ्या आल्या.

काठीने हा तंटा मिटेल काय? दोघांत बळकट कोण, एवढेच काठी ठरवील. खरे कोणाचे, हे काठीला कळत नाही. ते ठरवावयाचे तर तिसरा, तटस्थ माणूस हवा. आणि त्याने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या पाहिजेत. साऱ्या न्यायव्यवस्थेचा पाया हाच होय.

आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते. मराठेशाहीत गावचा तंटा गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे येई. पंचांचा निवाडा आम्हांस मान्य राहील, असा राजीनामा वादी व प्रतिवादी आधीच लिहून देत. निवाड्याच्या कागदाला महजर म्हणत. या पद्धतीत एक मोठा गुण होता: न्याय गावातच मिळे. पण तिच्यात एक मोठी उणीवही होती. जातीपातींच्या उतरंडीमुळे तिच्यापुढे सर्वांचे स्थान सारखे नव्हते.

ही उणीव आपल्या संविधानाने दूर केली. 26 जानेवारी 1950 रोजी ते अमलात आले. कायद्यापुढे सर्व माणसे समान आहेत, असे त्याच्या चौदाव्या अनुच्छेदात सांगितले आहे. जमीन, पैसा, वारसा यांचे वाद दिवाणी न्यायालयात चालतात. चोरी, मारहाण, खून अशा गुन्ह्यांचे खटले फौजदारी न्यायालयात चालतात. खालच्या न्यायालयाचा निर्णय चुकीचा वाटला, तर वरच्या न्यायालयाकडे अपील करता येते. आपल्या जिल्ह्याचे न्यायालय ठाण्यास आहे. त्याच्या वर 1862 साली स्थापन झालेले मुंबईचे उच्च न्यायालय आणि सर्वांत वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय आहे. न्यायाधीशही माणूसच असतो व माणसाची चूक होऊ शकते. म्हणून ही पायऱ्यांची योजना आहे.

मात्र पायऱ्या जितक्या अधिक, तितका वेळ व पैसा अधिक लागतो. म्हणीमागचा अनुभव तो हाच. यासाठी सामोपचाराचे मार्ग कायद्यानेच खुले ठेवले आहेत. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीला आधार दिला. तेथे न्यायाधीशांसोबत वकील व समाजसेवक बसतात आणि दोन्ही पक्षांत समेट घडवून आणतात. त्या समेटाला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, आणि त्यावर अपील नसते. न्यायालयात भरलेले शुल्कही परत मिळते. याच कायद्यामुळे स्त्रिया, मुले, अनुसूचित जातीजमातींचे लोक व गरीब यांना वकिलाची मदत विनामूल्य मिळते. गावातले तंटे गावातच मिटावेत, म्हणून महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीमही सुरू केली.

आपल्या गोष्टीतील चुलतभाऊ असेच गावच्या समितीपुढे बसले. समितीने दोघांचे ऐकले आणि जमिनीची सरकारी मोजणी करून घेण्यास सांगितले. मोजणीत काय दिसले? बांध एका टोकाला थोरल्याच्या शेतात सरकला होता, तर दुसऱ्या टोकाला धाकट्याच्या! दोघेही थोडे खरे होते व दोघेही थोडे चुकले होते. दोघांनी कागदावर सह्या केल्या आणि बांध मिळून सरळ केला.

परंतु प्रत्येक तंटा असा मिटत नाही, मिटवूही नये. खुनासारखा गुन्हा हा साऱ्या समाजाविरुद्धचा अपराध असतो. तो आपसात समजुतीने मिटवता येत नाही. आपल्या उल्हास नदीचेच पाहा. लाखो लोक तिचे पाणी पितात. कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी उल्हास आणि वालधुनी या नद्यांत जाऊ लागले, तेव्हा 2013 साली 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाकडे दाद मागितली. 2015 साली न्यायाधिकरणाने नुकसानभरपाईचा आदेश दिला. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नदीला बोलता येत नाही. तिची बाजू मांडण्यासाठी कोणीतरी ती पायरी चढावीच लागते.

तेव्हा, मुलांनो, म्हणीचे उरलेले अर्धे असे: समजुतीने मिटण्याजोग्या भांडणासाठी कोर्टाची पायरी चढू नये, पण अन्याय होत असेल, तर ती चढण्यास भिऊ नये. उद्या मैदानावर खेळताना तुमचा तंटा झाला, तर हात उगारण्यापूर्वी एवढेच म्हणा, "थांब, आधी तुझे काय म्हणणे आहे ते सांग." न्यायाची पहिली पायरी तीच आहे.

अभ्यास
1. काठीने तंटा मिटत नाही, असे लेखक का म्हणतो?
2. गोतसभेचा एक गुण व एक उणीव सांगा.
3. लोकअदालतीत समेट झाल्याने कोणते फायदे होतात?
4. तुम्ही पाहिलेले एखादे भांडण आठवा. त्यातील दोन्ही बाजू प्रत्येकी पाच ओळींत लिहा.