एका लोहमार्गाची किंमत किती पट्टे?

सकाळी नऊच्या सुमारास मुंबईच्या पूर्व द्रुतगती मार्गावर मोटारी गोगलगायीसारख्या सरकत असतात. त्याच वेळी काही अंतरावरून लोकल गाडी खचाखच भरून धडधडत जाते. दोहोंपैकी जास्त माणसे कोण नेते, हे सांगायला नकोच. पण किती पट जास्त, हे हिशेब केल्याशिवाय पटत नाही.

आधी रस्ता घेऊ. धावत्या दोन मोटारींमध्ये साधारण दोन सेकंदांचे अंतर राखावे लागते. म्हणजे रस्त्याच्या एका पट्ट्यावरून तासाला १८०० मोटारी जातील. दर मोटारीत सरासरी दीड माणूस धरा (दोन मोटारींत तीन, असे समजा). एकूण माणसे झाली २७००. आता लोहमार्ग. दर तीन मिनिटांनी एक, अशा तासाला २० गाड्या सुटतात. बारा डब्यांच्या गाडीत बसलेले व उभे मिळून ३००० प्रवासी धरू. मुंबईत गर्दीच्या वेळी याहून पुष्कळ अधिक कोंबलेले असतात, पण ती काही अभिमानाची गोष्ट नव्हे. तरीही तासाला ६०,००० माणसे झाली. तेवढीच माणसे मोटारींनी न्यायची तर एका दिशेला २२ पट्टे लागतील!

मग दर मिनिटाला गाडी का सोडत नाहीत? पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा त्याला होणारा अडथळा रबरी टायरच्या मानाने फारच थोडा असतो. म्हणून एवढा भार कमी ऊर्जेत ओढता येतो. पण अशा टणक, गुळगुळीत पृष्ठांची पकडही बेताचीच असते. शिवाय उभे प्रवासी कोलमडू नयेत म्हणून ब्रेक हळूहळू लावावे लागतात. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर वेग. तो दर सेकंदाला ०.८ मीटरने घटत गेला तर गाडी २५ सेकंदांनी थांबेल. या काळातला सरासरी वेग १० मीटर, म्हणजे ती २५० मीटर पुढे गेलेली असेल. त्याच वेगाची मोटार कोरड्या रस्त्यावर ३५ मीटरांत थांबू शकते. त्यात गाडीची स्वतःची लांबी अडीचशे मीटरांहून अधिक, आणि स्थानकावर निदान वीस-तीस सेकंद थांबणे आलेच. पुढची गाडी पुरेशी दूर जाईपर्यंत मागचीला सिग्नल अडवून धरतो, तो यासाठी.

तेव्हा अधिक माणसे न्यायची तर फलाट लांबवून जास्त डबे जोडणे, सिग्नल सुधारणे किंवा नवे रूळ टाकणे, हेच मार्ग उरतात. पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये १५ डब्यांची लोकल आली. मध्य रेल्वेवर ठाणे–दिवा दरम्यान पाचवा व सहावा मार्ग २०२२ मध्ये सुरू झाला. ही सारी कामे अतिशय खर्चाची.

हा पैसा तिकिटांतून का काढू नये? लोकलमुळे रस्त्यावर न आलेल्या मोटारींचा लाभ बसमधल्या प्रवाशाला, मालमोटारीला आणि रुग्णवाहिकेलाही मिळतो. पण त्यांपैकी कोणीच तिकीट-खिडकीपाशी येत नाही! तो वाटा सर्वांच्या करातूनच यायला हवा. १९९२ मध्ये सुरू झालेल्या मानखुर्द–वाशी मार्गाचा सुमारे दोन तृतीयांश खर्च राज्य शासनाच्या सिडकोने उचलला, उरलेला रेल्वेने. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळातही रेल्वे मंत्रालय व महाराष्ट्र शासन यांचे भाग ५१ व ४९ टक्के ठेवण्यात आले.

लोकल वाढल्या की रस्ते ओस पडतात, असे मात्र नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते की, रुंद केलेला रस्ता गर्दीच्या वेळी पुन्हा भरतो. दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या वेळी किंवा आगगाडीने जाणारे लोक तिकडे वळतात. रुळांनी मोकळ्या केलेल्या जागेचेही पुष्कळदा तसेच होते. फरक इतकाच की, कोंडीत अडकायचे नसेल त्याला दुसरी चांगली वाट मिळालेली असते.

तुमच्या गावातील चौकात सकाळी दहा मिनिटे उभे राहून मोटारी, बस, रिक्षा व सायकली वेगवेगळ्या मोजा. प्रत्येकीतील माणसे अंदाजाने लिहा आणि त्या वाहनाने व्यापलेल्या जागेला तेवढ्या माणसांनी भागा. दर माणशी सर्वांत कमी जागा कोणाला लागते, याचा तक्ता वर्गात लावता येईल.