माळ्यावरचा संगणक



प्रत्येक घरात एखादी वस्तू अशी असते, जी कोणी वापरत नाही आणि कोणी फेकूनही देत नाही. कुठे ती बंद पडलेला रेडिओ असते, कुठे शिवणयंत्र. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस या गावी आमचे घर आहे. तेथे माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे, एक संगणक पडून होता. 2012 साली मला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या वर्षाच्या पगारातून मी तो हप्त्याने घेतला होता. संगणक अगदी साधा, त्या वेळच्या स्वस्त संगणकांपैकी एक. पुढे त्याचा पडदा बिघडला आणि उरलेली पेटी माळ्यावर गेली.

गेल्या दिवाळीच्या सुटीत भंगारवाला दारात आला. (उर्दूत आपण त्याला कबाडी म्हणतो.) पेटी पाहून तो म्हणाला, "सर, हे डबडं ठेवून काय करता? द्या मले. दोनशे रुपये देतो." अम्मी म्हणाली, "देऊन टाक, जागा तरी मोकळी होईल." मी देणारच होतो. तेवढ्यात माझी भाची म्हणाली, "मामू, हा टीव्हीला लागतो का?"

हा प्रश्न तिने का विचारला, ते आधी सांगतो. माझ्या बहिणीचे घर आमच्या भिंतीला लागूनच आहे. भाची दहावीला आहे. तिचे अब्बा मालाची गाडी चालवतात. हंगामात आर्णी, पुसद, दारव्हा अशा फेऱ्या सुरू असतात. घरात चांगला फोन एकच, आणि तो त्यांच्याबरोबर जातो. ते रात्री नऊला परत येतात, तेव्हा फोनची बॅटरी संपत आलेली असते आणि भाचीचे डोळेही मिटत आलेले असतात. विज्ञानाचे प्रयोग पुस्तकात वाचून तिचे समाधान होत नव्हते. भिंगातून जाणारा किरण कसा वळतो, ते तिला पाहायचे होते. माझा फोन मागितला असता, तर मी दिला असता. पण ती मागत नव्हती. मुली पुष्कळदा मागत नाहीत, हे मी शाळेतही पाहतो.

टीव्ही मात्र बहिणीकडे होता. तो 2014 सालचा, 32 इंची, सपाट, पण इंटरनेट न समजणारा. मी भंगारवाल्याला म्हटले, "आज राहू द्या. आठ दिवसांनी या."

आता तुम्ही म्हणाल, टीव्हीला लावायची इंटरनेटची छोटी कांडी बाजारात मिळते, मग एवढी खटपट कशाला? बरोबर आहे. केवळ सिनेमे पाहायचे असतील, तर कांडीच घ्यावी. ती लहान असते आणि वीजही फारच थोडी खाते. पण कांडीवर निबंध लिहिता येत नाही. पाठ्यपुस्तकाचे पान उघडून शेजारी वहीसारखे काही लिहिता येत नाही. आम्हाला दोन्ही हवे होते, शिवाय पैसे कमी होते.

प्रथम पेटी उघडली. आत धुळीची जणू गोधडीच होती! तुम्ही असे काम कराल तेव्हा आधी प्लग काढा. लोखंडी सांगाड्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. नाहीतर ती नाजूक भागांना मारते. मग मऊ ब्रशने धूळ झाडा. मागच्या कोपऱ्यात तारा निघालेली लोखंडी डबी असते. ती वीजपुरवठ्याची डबी. ती कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या आत वीज साठून राहते आणि जोराचा धक्का बसू शकतो.

साफसफाई झाली. कळ दाबली, तर पडद्यावर काहीच नाही. फक्त टीं-टीं असा आवाज. भाचीचा चेहरा उतरला. हा आवाज म्हणजे संगणकाची तक्रार असते: 'माझी स्मृती मला सापडत नाही.' स्मृतीची, म्हणजे रॅमची, पट्टी बाहेर काढली. तिच्या सोनेरी कडेवर काळपट थर चढला होता. भाचीने कंपासपेटीतले खोडरबर आणले. त्याने ती कड हलक्या हाताने घासली, पट्टी पुन्हा बसवली, आणि संगणक जागा झाला. पाच रुपयांच्या खोडरबराने! पट्टी फक्त 2 जीबीची होती. दुरुस्तीच्या दुकानातून तशीच एक वापरलेली पट्टी आणून शेजारच्या खाचेत बसवली. स्मृती 4 जीबी झाली.

पुढचा प्रश्न होता, संगणक चालवणाऱ्या मूळ आज्ञावलीचा. जुनी विंडोज फार मंद झाली होती. शिवाय विंडोज 10 चा नेहमीचा आधार कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला, आणि नवी आवृत्ती इतक्या जुन्या यंत्राला स्वीकारत नाही. म्हणून आम्ही लिनक्स घेतली. 1991 साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा 21 वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. त्याने आपल्या संगणकासाठी लिहिलेला गाभा सर्वांना खुला करून दिला. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आज तुमच्या घरातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच गाभा आहे. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी लिनक्स मिंट नावाची, जुन्या यंत्रांना झेपणारी हलकी आवृत्ती आम्ही पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. पैसे लागत नाहीत. लिनक्स शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीने तयार केलेले 'स्पोकन ट्यूटोरियल' नावाचे पाठ आहेत. ते मराठीतही आहेत, तेही विनामूल्य. एक गोष्ट विसरू नका: नवी आज्ञावली बसवताना डिस्कवरचे सारे पुसले जाते. माझ्या जुन्या संगणकात बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. ते आधी दुसरीकडे काढून ठेवले, म्हणून बरे!

मग टीव्हीची जोडणी. आमच्या संगणकाला पंधरा छिद्रांची निळी जोडणी होती, तिला व्हीजीए म्हणतात. ही पद्धत 1987 सालची. सुदैवाने टीव्हीच्या पाठीमागेही ती होती. केबल लावली, चित्र आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण आवाज कुठे आहे? नानी म्हणाली, "मुका टीव्ही झाला का?" मित्रांनो, व्हीजीएच्या तारेतून फक्त चित्र जाते. आवाजासाठी दुसरी बारीक तार लावावी लागते. नंतर आलेल्या एचडीएमआय तारेतून दोन्ही जातात. तुमच्या संगणकाला ती असेल, तर तीच वापरा.

आमच्या घरातली इंटरनेटची जोडणी भिंतीपलीकडे पोहोचत होती. वायफायचे छोटे बटण संगणकाला लावले. आणि इथे आम्ही पुरता एक दिवस अडकलो. कोणतेही संकेतस्थळ उघडेना. 'ही जोडणी सुरक्षित नाही,' असे पुन्हा पुन्हा येई. मी तारा बदलल्या, वायफायचा परवलीचा शब्द तीनदा टाकला, थोडासा चिडलोही. शेवटी भाचीने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तेथे तारीख होती 1 जानेवारी 2009! प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे ओळखपत्रासारखे एक प्रमाणपत्र असते. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल, हे लिहिलेले असते. आमचा संगणक 2009 मध्ये बसून आजची ओळखपत्रे तपासत होता. त्याच्या हिशेबाने ती अजून जन्मलीच नव्हती. संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्यासारखी 3 व्होल्टची बॅटरी असते. संगणक बंद असतानाही ती घड्याळ चालू ठेवते. आमची बॅटरी केव्हाच संपली होती. घड्याळाच्या दुकानातून नवी आणली, तारीख लावली, आणि सगळी दारे उघडली. बी.एड.ला मी निरीक्षणशक्तीवर मोठा निबंध लिहिला होता. पण तारीख दिसली ती भाचीला.

तरी एक अडचण राहिली. धडा सुरू केला की चित्र अडखळत चाले, आवाज पुढे आणि ओठ मागे. इंटरनेटचा वेग चांगला होता, मग असे का? चित्रफीत इंटरनेटवरून येते, ती दाबून लहान केलेली असते. जसा जिनिंगमध्ये कापूस दाबून त्याची गठाण बांधतात. घरी आल्यावर ती गठाण संगणकाला सोडवावी लागते. 2003 साली आलेली एच 264 ही बांधण्याची पद्धत जुन्या संगणकांतील चित्राच्या भागाला ओळखीची असते. पण पुढे 2013 मध्ये व्हीपी 9 आणि 2018 मध्ये एव्ही 1 या पद्धती आल्या. त्यांची गठाण अधिक लहान होते. पण सोडवण्याचे सारे ओझे आमच्या म्हाताऱ्या प्रोसेसरवर पडत होते. उपाय सोपा निघाला. चित्राची प्रत 1080 वरून 480 वर आणली. भिंग भिंगासारखे दिसले, किरण वळताना दिसला. तेवढे पुरे होते.

उतरवून ठेवलेले धडे पाहण्यासाठी आम्ही व्हीएलसी वापरतो. त्याचा जन्मही विद्यार्थ्यांच्याच हातून झाला. 1996 साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांनी वसतिगृहाच्या जाळ्यावरून टीव्ही पाहता यावा, म्हणून हे काम सुरू केले. 2001 मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

खर्चाचे सांगतो. जुनी पट्टी, बॅटरी, दोन तारा आणि वायफायचे बटण मिळून नऊशे रुपयांच्या आत भागले. विजेचा हिशेब मात्र लपवत नाही. असा संगणक साधारण 60 वॅट घेतो. रोज तीन तास चालला, तर महिन्याला सुमारे साडेपाच युनिट होतात. कांडीला तेवढ्याच वेळात अर्धे युनिटही लागत नाही. म्हणून काम झाले की संगणक बंद करायचा, असा घरात नियम आहे. वीज अचानक गेली, तर डिस्क बिघडू शकते. त्यासाठी जुना यूपीएस मिळतो का, ते पाहत आहे.

आठ दिवसांनी भंगारवाला खरेच आला. त्याला मी बिघडलेला पडदाही दिला नाही. 2022 या एका वर्षात जगात सुमारे 6 कोटी 20 लाख टन विजेचा आणि इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला, आणि त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी कचऱ्याची नीट विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. बाकीच्यातला बराचसा उघड्यावर जातो. तांब्यासाठी तारा जाळतात, तो काळा धूर तुम्ही पाहिला असेल. पडद्यात आणि जोडणीच्या झाळात शिसे असू शकते. अधिकृत संकलन केंद्राकडे नेईपर्यंत तो पडदा माळ्यावरच राहील. अम्मीला हे पटलेले नाही.

आता संध्याकाळी सात ते साडेआठ भाचीचा वेळ असतो. वेळापत्रक तिनेच भिंतीला चिकटवले आहे. अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर तिची टिपणे, उर्दूत. साडेआठनंतर नानीच्या बातम्या. गेल्या आठवड्यात गाडीच्या फेरीवरून तिचे अब्बा लवकर आले आणि खाटेवर बसून अंतर्वक्र भिंगाचा पूर्ण धडा पाहत राहिले. "हे आमच्या गाडीच्या आरशासारखं आहे का?" त्यांनी विचारले. भाचीने आरसा आणि भिंग यांतला फरक त्यांना समजावून सांगितला. तो तिने मला सांगितला त्यापेक्षा चांगला सांगितला.

पंखा अजून फार आवाज करतो. नानी म्हणते, घरात जिनिंग सुरू झाली. त्यात तेलाचा एक थेंब सोडायचा आहे. येत्या रविवारी.

स्वाध्याय
1. संकेतस्थळे उघडत नव्हती, याचे खरे कारण कोणते होते?
2. लेखकाने 'गठाण' हा शब्द कोणत्या दोन अर्थांनी वापरला आहे?
3. तुमच्या टीव्हीच्या मागे कोणकोणत्या जोडण्या आहेत, ते पाहून वहीत चित्र काढा.
4. 60 वॅटचा संगणक रोज दोन तास चालला, तर 30 दिवसांत किती युनिट वीज लागेल?