गेटवर कोण ओळखतं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की दादरच्या सभागृहांतून करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम सुरू होतात. मुलं मोबाइल चाळत बसतात, प्रश्न विचारतात ते आईवडील. विषय डेटा सायन्सचा असो की फिजिओथेरपीचा, शेवटी मागच्या रांगेतून एक हात वर होतोच: ‘सर, पण त्यात परमनंट करतात का?’

या प्रश्नाला हसणारा माणूस लालबाग-परळचा नसावा. इथल्या घरांनी कायम नोकरी आणि बिनभरवशाचं काम, दोन्ही एकाच गेटवर पाहिलं आहे. कापड गिरणीत ‘कायम’ आणि ‘बदली’ अशी सरळ वाटणी होती. कायम कामगार पाळीला थेट आत जायचा. बदलीवाला कार्ड घेऊन गेटवर थांबायचा. कोणी आजारी पडलं, कोणी गणपतीला किंवा भातलावणीला कोकणात गेलं, की त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. कोणाला आत घ्यायचं, हे बराच काळ जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर असे. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा, हीही मागणी होती.

झालं उलटंच. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या. कायम आणि बदली हा भेद मिटला, कारण काम दोघांनाही उरलं नाही. अनेक साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, भिवंडीच्या पॉवरलूमवर गेले. तिथे फंड नाही, हक्काची रजा नाही. जेवढं कापड निघेल तेवढे पैसे. हातात कसब होतं, पण ते कोणाला आणि काय भावाने विकायचं, हे कायम कामगाराला वीस-पंचवीस वर्षांत एकदाही शिकावं लागलं नव्हतं. बदलीवाल्याला निदान गेटवर उभं राहण्याची सवय होती.

पांढरपेशा मुंबईकडे हाच प्रसंग उशिरा आला. २०००च्या सुमारास सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतून देशभरात लाखाहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. पुढे २०१९च्या अखेरीस एमटीएनएलने पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तशीच योजना आणली. मुंबई आणि दिल्ली मिळून १४ हजारांहून अधिक जणांनी ती घेतली आणि ३१ जानेवारी २०२०ला ते एकाच दिवशी निवृत्त झाले. दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी लागली. पन्नास-बावन्नचं वय, मुलांची शिक्षणं अर्धवट, हातात एकरकमी पैसा आणि आयुष्यात दुसऱ्यांदा काम शोधायची वेळ.

असं काम बहुतेकदा करारावरचंच मिळतं. तिथे पहिला घोटाळा शब्दांचा होतो. मराठी घरात ‘कंत्राट’ आणि ‘करार’ एकाच सुरात उच्चारले जातात. कायद्याच्या लेखी ते वेगळे आहेत. ठेकेदाराच्या पटावर राहून दुसऱ्याच्या आवारात राबायचं, ते कंत्राटी काम. तिथे ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते, पण हे माहीत असणारे थोडे. दुसरा प्रकार मुदतीच्या नोकरीचा. कंपनी थेट नेमते, तारीख संपली की नोकरी संपते. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार अशा कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटी मिळू शकते. एरवी ती पाच वर्षांनी. तिसरा प्रकार सल्लागाराचा किंवा फ्रीलान्सरचा. तो नोकर नसतोच, तो बिल देतो.

ऑक्टोबर २०२३मध्ये राज्य सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा आपलाच शासन निर्णय तरुणांच्या संतापानंतर मागे घेतला. तो संताप पहिल्या प्रकारावर होता आणि रास्त होता. तोच राग तिन्ही प्रकारांवर काढून मुलांना घरी बसवणं मात्र रास्त नाही.

परळचंच पाहा. टाटा मेमोरियलमध्ये किंवा राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत संशोधन प्रकल्पांसाठी ठरावीक मुदतीच्या जागा निघतात आणि बऱ्याचदा थेट मुलाखतीने भरल्या जातात. ठोक मानधन, प्रकल्प संपला की नेमणूक संपली. तरीही अशा एका प्रकल्पावर मन लावून काम केलेल्या मुलीला पुढचं काम शोधताना जाहिरातीकडे डोळे लावून बसावं लागत नाही. कोणीतरी तिचं काम पाहिलेलं असतं. गिरगावात छापखान्यांच्या भरभराटीच्या दिवसांतही मुद्रितशोधकांना कामं अशीच मिळत. छपाईचा फॉर्म कोणी कसा तपासला, हे तोंडोतोंडी पसरायचं.

वर्षानुवर्षं एकाच टेबलावर बसलेल्या माणसाला हेच अवघड जातं. तो बायोडेटा करतो, त्यात पदं लिहितो, बढत्या लिहितो आणि नोकरीच्या संकेतस्थळांवर टाकून वाट पाहतो. करारावर माणूस घेणाऱ्याला मात्र त्याच्या बढत्यांशी देणंघेणं नसतं. अडलेलं एखादं काम तीन महिन्यांत कोण उरकून देईल, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून बायोडेटाच्या आधी एक यादी करावी: आजवर ज्यांच्याबरोबर काम केलं ते जुने सहकारी, नोकरी सोडून दुसरीकडे गेलेले साहेब, माल पुरवणारे, हिशेब तपासायला येणारे. पंचवीस नावं सहज निघतात. त्यांना ‘काही असेल तर बघा’ असं सांगू नये. त्याचा उपयोग शून्य. ‘गोदामाच्या साठ्याची मोजणी आणि ताळमेळ मी करून देतो, दोन महिने लागतात’ असं सांगावं. पहिलं काम पुष्कळदा जुन्या मालकाकडूनच येतं, त्यामुळे नोकरी सोडताना दार आपटून निघू नये.

आता भाव. बहुतेकांची फसगत इथेच होते. समजा, पगार महिना ६० हजार. माणूस तीसने भागतो आणि दिवसाला दोन हजार सांगतो. पण त्याची वर्षाची खरी किंमत त्याहून जास्त होती. पगाराचे ७ लाख २० हजार. मूळ वेतन ३० हजार धरलं तर कंपनी फंडात भरत होती ते ४३ हजार. ग्रॅच्युइटीचे सुमारे १७ हजार. कुटुंबाच्या आरोग्यविम्याचे समजा ४० हजार. बेरीज ८ लाख २० हजारांच्या घरात. शनिवार-रविवार, सण, आजारपण आणि दोन कामांमधले रिकामे दिवस वजा केले तर वर्षाला बिल लावता येतील असे दिवस उरतात दोनशेच्या आसपास. भागाकार येतो ४,१००. म्हणजे दोन हजार सांगणारा आपली निम्मी कमाई पहिल्याच बैठकीत सोडून देतो आणि वर ‘भाव जरा जास्त तर नाही ना सांगितला?’ म्हणून घरी येऊन काळजी करतो.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं खरं, पण ते टाळलेलं महागात पडतं. करारात कामाची व्याप्ती, पैसे किती दिवसांत, करार मोडायचा तर किती दिवस आधी सांगायचं, एवढं तरी लिहिलेलं हवं. लेखन किंवा डिझाइनचं काम असेल तर हक्क कोणाचे, हेही. व्यावसायिक सेवेच्या बिलातून साधारण १० टक्के आणि तांत्रिक सेवेच्या बिलातून २ टक्के आयकर आधीच कापला जातो. तो आपल्या पॅनवर जमा झाला का, ते दर तिमाहीला पाहावं. महाराष्ट्रात स्वतंत्र काम करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर स्वतः भरावा लागतो. जीएसटीची नोंदणी, सेवांच्या बाबतीत, साधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेल्यावर सक्तीची होते.

दोन गोष्टी मात्र राजीनाम्याच्या आधी उरकाव्यात. घरकर्ज घ्यायचंच असेल तर पगाराच्या पावत्या हातात असताना घ्यावं; स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. आणि कंपनीचा समूह विमा संपण्यापूर्वी स्वतःची पॉलिसी काढावी. फंडाला हात लावायची घाई नको: पेन्शन योजनेत दहा वर्षं भरली असतील तर ५८व्या वर्षी पेन्शनचा हक्क राहतो. गिरणगावात हातात आलेली एकरकमी रक्कम लग्नात आणि गावच्या घरात विरून गेल्याच्या कहाण्या प्रत्येक चाळीत आहेत.

कॉलेजात जाणाऱ्या मुलांना हे सगळं फार लांबचं वाटेल. त्यांच्यापुरतं एवढंच: पहिली नोकरी कायम मिळाली तर आनंदाने घ्यावी, पण तिथे आपण नेमकं काय केलं याची टिपणं दर सहा महिन्यांनी लिहून ठेवावीत, कंपनीची गुप्त माहिती वगळून. आईवडिलांनीही प्रश्न थोडा बदलावा. ‘परमनंट करतात का?’ या प्रश्नाबरोबर ‘तिथून बाहेर पडल्यावर तुझं काम कोण ओळखेल?’ हेही विचारावं. लोअर परळच्या ज्या आवारांत गिरण्या होत्या तिथल्या काचेच्या इमारतींत आज कित्येक जण मुदतीच्या करारावर काम करतात. गेटवर कार्ड दाखवूनच आत जातात.

थकलेल्या बिलाचं काय, हा प्रश्न शेवटी स्वतंत्र काम करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु सेवा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठीची ‘उद्यम’ नोंदणी आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, पहिलं बिल पाठवण्याआधीच ती करून घ्या. नोंदणी पूर्ण मोफत आहे. कोणी फी मागितली तर देऊ नका.