घरातील विषाचा बंदोबस्त

तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांतून आणि भोरच्या पश्चिमेस हिरडस मावळातून, जेथून पुण्याचे मोठे रुग्णालय गाठण्यास पावसाळ्यात कित्येक तास मोडतात, लहान मुलाच्या पोटात विष गेल्यानंतरच्या उपचारापेक्षा ते जाऊच नये म्हणून आधी केलेल्या तजविजीचे मोल अधिक आहे, ही माझी खात्री शेजारच्या घरातील एका प्रसंगाने झाली.

लावणीचे दिवस होते. कर्ती माणसे खाचरात गुंतली होती, आजी चुलीपाशी होती, आणि नुकत्याच चालू लागलेल्या नातवाने ओटीवर सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेले घासलेट तोंडाला लावले. आजीने निर्मळ हेतूने मिठाचे पाणी पाजून ओकारी काढली. परंतु घासलेट पोटात करते त्याहून भयंकर अपाय ते वांतीबरोबर श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांत करते, आणि तसेच घडले. सायंकाळी ताप चढला, धाप लागली. भोरहून पुण्यास न्यावे लागले. पोर वाचले, हे सर्वांचे भाग्य.

मूल भांडे ओळखते, जिन्नस ओळखत नाही. म्हणून घासलेट, डिझेल, तणनाशक, फवारणीचे औषध यांपैकी काहीही पिण्याच्या बाटलीत कदापि ओतू नये. मूळ डबा, त्यावरील चिठ्ठीसह, कुलपात ठेवावा. उंदराच्या औषधातील झिंक फॉस्फाइडवर खास उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या मलमाने तर मूल प्रथम बरे झालेसे भासून पुढे यकृत निकामी होऊ शकते. गरोदर बाईला मिळणाऱ्या लोहाच्या तांबड्या, साखर चढवलेल्या गोळ्या मुलांस खाऊच वाटतात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, आणि १० किलो वजनाच्या मुलाने अशा १० गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतू शकते. कापूर, डांबरगोळ्या आणि कुंपणावरच्या मोगली एरंडाच्या गोडसर बिया यांच्याविषयीही हयगय नको.

इतकी दक्षता घेऊनही प्रसंग ओढवलाच, तर ओकारी काढू नये. मीठपाणी, दूध, तूप काही पाजू नये. तोंड पुसावे, औषध सांडलेले कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, गुंगी असल्यास कुशीवर निजवावे आणि लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. दिल्लीच्या एम्स संस्थेतील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देते. डबा अथवा पाकीट सोबत न्यावे, आणि काय, किती व केव्हा पोटात गेले याची खरी कैफियत डॉक्टरांपुढे मांडावी. घरच्या कोणाला बोल लागेल या भीतीने दडवलेली वेळ उपचाराची दिशा चुकवते.

रोहिणीचा पाऊस पडण्यापूर्वी आपण कौले चाळतो, त्याच सुमारास घरातील कर्त्या माणसाने एकदा जमिनीवर बसून, मुलाच्या हाताला काय काय लागते ते पाहावे आणि त्यातील प्रत्येक घातक जिन्नस त्याच दिवशी कुलपाआड करावा.