मधपेटीतील प्रतिजैविके : कुळ, अ‍ॅलर्जी आणि दुष्परिणाम

मधपेटीत अळ्या मेलेल्या आढळल्या की साखरेच्या पाकात प्रतिजैविकाची पूड मिसळून मधमाश्यांना देण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. औषध बहुधा व्यापारी नावाने विकत घेतले जाते. ते कोणत्या कुळातील आहे, याची चौकशी क्वचितच होते. परंतु औषध कोणत्या रोगावर चालेल, मधात किती काळ टिकेल आणि हाताळणाऱ्यास कोणता अपाय करील, हे बऱ्याच अंशी कुळावरूनच कळते.

प्रथम निदान

प्रतिजैविके जीवाणूंवर परिणाम करतात, विषाणूंवर नाही. म्हणून मृत अळीचे निरीक्षण ही पहिली पायरी होय.

• युरोपियन फाउलब्रूड (जीवाणूजन्य) : अळ्या बहुधा घर बंद होण्यापूर्वीच मरतात, पिवळसर-तपकिरी होतात व वेड्यावाकड्या पडतात.

• अमेरिकन फाउलब्रूड (जीवाणूजन्य) : घर बंद झाल्यावर अळी मरते, झाकण खोलगट व छिद्रयुक्त दिसते. काडी खुपसून ओढल्यास चिकट तार निघते. या जीवाणूचे बीजाणू अनेक दशके तग धरतात. प्रतिजैविक वाढणाऱ्या जीवाणूंना रोखते, बीजाणूंना नाही. त्यामुळे लक्षणे दबतात, पण रोग पेटीतच राहतो.

• सॅकब्रूड (विषाणूजन्य) : अळी द्रवाने भरलेल्या पिशवीसारखी होते व तिचे डोके वर वळलेले दिसते. १९९० च्या दशकाच्या आरंभी थाई सॅकब्रूडने दक्षिण भारतातील सातेरी मधमाश्यांच्या वसाहतींची प्रचंड हानी केली. या रोगावर कोणतेही प्रतिजैविक उपयोगी नाही.

प्रमुख कुळे

टेट्रासायक्लिन : ऑक्सिटेट्रासायक्लिन याच कुळातील. ते जीवाणूंची प्रथिननिर्मिती थांबवते. माणसात उन्हाने त्वचा भाजल्यासारखी होणे व पोटाच्या तक्रारी संभवतात. गर्भवती व लहान मुलांना हे औषध सहसा दिले जात नाही, कारण त्यामुळे वाढत्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात.

अमिनोग्लायकोसाइड : पिकांवरील काही जीवाणूनाशकांत टेट्रासायक्लिनसोबत येणारे स्ट्रेप्टोमायसिन या गटातील. औषध म्हणून शरीरात गेल्यास श्रवणशक्ती व मूत्रपिंडास हानी संभवते. वारंवार उघड्या हातांनी हाताळल्यास त्वचेवर अ‍ॅलर्जीचा दाह उठू शकतो.

सल्फा : ही औषधे मधात दीर्घकाळ टिकतात. संवेदनशील व्यक्तींत त्वचेवर पुरळ व क्वचित अतिगंभीर प्रतिक्रिया उद्भवते.

मॅक्रोलाइड : टायलोसिन व एरिथ्रोमायसिन या कुळातील. एरिथ्रोमायसिनने माणसात मळमळ व पोटदुखी होणे सामान्य आहे.

क्लोरॅम्फेनिकॉल : क्वचित प्रसंगी अस्थिमज्जेचे रक्तनिर्मितीचे कार्य बंद पडते. हा धोका मात्रेवर अवलंबून नसल्याने अन्न देणाऱ्या प्राण्यांत व मधमाश्यांत ते वर्ज्य आहे.

अ‍ॅलर्जी आणि दुष्परिणाम यांतील भेद

दुष्परिणाम हा औषधाच्या गुणधर्मांतून उद्भवतो. अ‍ॅलर्जी ही शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची प्रतिक्रिया असून, संवेदनशील व्यक्तीत ती अत्यल्प मात्रेनेही होऊ शकते. औषधाने मळमळ होणे म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. चुकीचा शिक्का बसल्यास पुढे उपयुक्त औषध हातचे जाते. खरी अ‍ॅलर्जी मात्र कुळात पसरलेली असू शकते. पेनिसिलिनची खात्रीशीर अ‍ॅलर्जी असल्यास अमॉक्सिसिलिनही टाळावे लागते, कारण नावे दोन असली तरी कुळ एकच आहे. म्हणून औषधाचे मूळ नाव व झालेली प्रतिक्रिया लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना सांगावी.

चेहरा वा घसा सुजणे, श्वास लागणे, अंगभर गांधी उठणे, भोवळ येणे ही लक्षणे मधमाशीच्या दंशानेही होतात. कारण कोणतेही असो, १०८ क्रमांकावर संपर्क साधून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मध आणि मधमाशीवरील परिणाम

टेट्रासायक्लिनमुळे मधमाशीच्या आतड्यातील उपकारक जीवाणू घटतात व ती संसर्गास अधिक बळी पडते, असे प्रयोगांत आढळले आहे. पाकातून दिलेले औषध पोळ्यात साठून मधात उतरते. २०१० मध्ये युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबवली होती. त्यामागे अवशेष-नियंत्रण आणि मालाच्या मूळस्रोताचा माग यांविषयीच्या शंका होत्या. ही आयात पुढे पूर्ववत झाली; परंतु एका पेटीतील अवशेषांमुळे त्यात मिसळला गेलेला सर्व मध नाकारला जाऊ शकतो.

शिफारशी

१. प्रयोगशाळेत निदान झाल्याशिवाय व तज्ज्ञाच्या लेखी सल्ल्याविना प्रतिजैविक देऊ नये. प्रतिबंधासाठी तर मुळीच नको.

२. युरोपियन फाउलब्रूडमध्ये पुरेसे खाद्य, वसाहत सशक्त करणे व राणी बदलणे यांना प्राधान्य द्यावे.

३. अमेरिकन फाउलब्रूडचा संशय आल्यास पेटी वेगळी ठेवावी, तिच्या चौकटी इतरत्र वापरू नयेत आणि नष्ट करण्याबाबत तज्ज्ञांचे मार्गदर्शन घ्यावे.

४. पिकांसाठीचे जीवाणूनाशक मधपेटीत कधीही वापरू नये.

५. औषध हाताळताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी. उपचारित वसाहतीची नोंद ठेवावी व तिचा मध विक्रीच्या मधात मिसळू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी मधपाळांच्या बैठकीत औषधाच्या पुडीवरील मूळ नाव मोठ्याने वाचून त्याचे कुळ सांगावे. एवढ्या सवयीने निरुपयोगी उपचार, दूषित मध आणि टाळता येण्याजोगी अ‍ॅलर्जी या तिन्हींना आळा बसू शकेल.