क्लचशिवायची कॉन्टेसा

अकोला



तुझा निरोप आणि कॉन्टेसाचे फोटो मिळाले. पत्रा बरा दिसतो. मागच्या चाकांच्या कमानी मात्र बोटाने ठोकून बघ, तिथे रंगाखाली हमखास पुट्टी असते. तू विचारलंस, ‘काका, नवं इंजिन टाकताना मागे टीएच-४०० गिअरबॉक्स लावू की ७००आर४?’ दोन्ही नको.

ऑटोमॅटिक कशासाठी, ते तू सांगितलंस म्हणून पुढचं लिहितो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुझ्या बाबांचा, माझ्या दादाचा, डावा पाय क्लचवर टिकत नाही आणि त्याला आपली जुनी गाडी पुन्हा स्वतः चालवायची आहे. हे कारण पटण्यासारखं आहे. कॉलेज रोडवर टायर जाळून दाखवायचे म्हणाला असतास, तर उत्तरच दिलं नसतं.

टीएच-४०० काही वाईट नाही. मिशिगनमध्ये नोकरी करताना मी त्या बॉक्सबद्दल आदरानेच ऐकलं. तो १९६४ साली आला, मोठ्या व्ही-८ इंजिनांसाठी बनला आणि अवजड गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं टिकला. पण त्याला गिअर तीनच, आणि तिसरा म्हणजे सरळ एकास एक. शिवाय जड असल्यामुळे तो स्वतः फिरण्यातच बरीच ताकद खातो. चारशे घोड्यांच्या इंजिनाला ते जाणवत नाही, कॉन्टेसाला जाणवेल. लोक तिला मसल कार म्हणतात ते लांब बॉनेटमुळे. अंगावरचा पत्रा सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश व्हॉक्सहॉलचा आणि १९८४ साली आली तेव्हा आत अँबॅसडरच्या घराण्यातलं दीड लिटरचं इंजिन. पुढे १.८ लिटरचं इसुझू इंजिन आणि पाच गिअर मिळाले, तेव्हा कुठे ती चालायला लागली. ते इंजिन आपल्या शेजारच्या राज्यातल्या पिथमपूरला तयार व्हायचं.

आता कागद घे आणि हिशोब कर. टायरचा घेर १.९ मीटर धर, डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ धर. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने निघालास तर चाक मिनिटाला सुमारे १,०५० फेरे घेतं, म्हणजे टीएच-४०० च्या तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ४,२०० वर ओरडत राहील. ७००आर४ चा चौथा गिअर ०.७० चा आहे, त्यात तेच इंजिन २,९५० च्या आसपास शांत चालेल. पहिल्या गिअरचंही तसंच: एकाचा २.४८, दुसऱ्याचा ३.०६. लहान इंजिनाला उभ्यावरून गाडी ओढायला खोल पहिला गिअर लागतो, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना तर लागतोच. पण ४ हा आकडा मी धरलेला आहे. तुझ्या गाडीचा खरा आकडा तू काढ. मागची दोन्ही चाकं उचल, प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण कर, दोन्ही चाकं सोबतच एक पूर्ण फेरा फिरव आणि शाफ्टचे फेरे मोज. हा आकडा हातात नसताना जो गिअरबॉक्स सुचवतो, त्याचं ऐकू नकोस.

मग ७००आर४ का नको? एक म्हणजे त्याची थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल. तिच्यावरून बॉक्सच्या आतलं ऑईलचं प्रेशर ठरतं. ती ढिली राहिली तर आतल्या क्लच प्लेटा थोड्याच अंतरात जळतात, आणि ती नीट लावणारा हात अमरावतीत शोधायचा कुठे? दुसरं म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. तो इंजिनाच्या ताकदीप्रमाणे निवडलेला असतो. व्ही-८ साठीचा कन्व्हर्टर लहान इंजिनामागे लावलास, तर इंजिन जोमात येण्याआधीच तो त्याला दाबून धरेल आणि गाडी सुस्त निघेल.

म्हणून माझं मत पक्कं आहे. बॉक्स वेगळा निवडायचाच नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून उचलायचे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, उभ्या इंजिनाच्या ऑटोमॅटिक गाड्या आपल्याकडे मोजक्याच आहेत, जसं की काही स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर. लहान गाड्यांचे ऑटोमॅटिक बॉक्स आडव्या इंजिनाचे, ते आपल्या कामाचे नाहीत. आणि नुसतं लोखंड आणून भागत नाही. आताचा गिअरबॉक्स इंजिनाच्या संगणकाशी सतत बोलत असतो. त्यामुळे वायरिंग, दोन्ही संगणक, ॲक्सिलरेटरचं पेडल, मीटर आणि किल्लीसुद्धा त्याच गाडीची लागते. ती वायर भंगारवाल्याने कटरने कापली असेल, तर सौदा तिथेच सोड.

बॉक्स चढवताना एक गोष्ट मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून बघ. बेल हाउसिंग हाताने ढकललं की इंजिनाला सपाट बसलं पाहिजे आणि तेव्हाही कन्व्हर्टर मागे-पुढे दोन-तीन मिलिमीटर सरकला पाहिजे. फट राहते म्हणून पोट्टे बोल्ट आवळून ती ओढून घेतात. तसं केलं की आतला ऑईल पंप पहिल्याच स्टार्टला तुटतो.

आणि आपला उन्हाळा. २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेपायी अकोल्यात १४४ कलम लावावं लागलं होतं, विसरू नकोस. ऑटोमॅटिक बॉक्स बहुतेक वेळा मरतो तो तापलेल्या ऑईलने. रेडिएटरमधल्या नळीवर न भागवता पुढे वेगळा कूलर लागेल. तो एसीच्या कंडेन्सरला चिकटवू नको, दोन्ही एकमेकांना तापवतील. दादाला हेही सांगून ठेव की बॅटरी मूर्तिजापूरला बसली तर चार माणसं जमवून धक्का स्टार्ट होणार नाही. टो करून आणायची झाली तर मागची चाकं उचलून किंवा शाफ्ट काढूनच. इंजिन बंद असताना बॉक्समध्ये ऑईल फिरत नाही आणि चाकं मात्र त्याला फिरवत राहतात.

एवढं लिहिलं तरी तू इंजिन-गिअरबॉक्सचा इसार द्यावा असं मला वाटत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कॉन्टेसात फॉर्च्युनरचं इंजिन म्हणजे थेट त्यातच बसतं. ‘विंटेज’ म्हणून सुटेल असंही समजू नको: त्याला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात, म्हणजे कोणतीही कॉन्टेसा २०३४ च्या आधी त्यात येत नाही, आणि तिथेही इंजिन, चासी मूळचं असावं लागतं. मित्र म्हणतील, कोण बघतं? रोजच्या रस्त्यावर कदाचित कोणी बघणार नाही. पण अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी इंजिन नंबर बघते, आणि त्या वेळी स्टिअरिंगवर तुझे बाबा असतील.

त्यापेक्षा गाडीचं स्वतःचं १.८ चं इंजिन नीट बांधून घे आणि पाच गिअर तसेच ठेव. अडचण फक्त डाव्या पायाची आहे, तर उपायही तेवढाच शोध. क्लच आपोआप दाबणारी किट मिळते. ती दादाच्या गाडीला लावता येईल का आणि आरसीवर तिची नोंद होईल का, हे अमरावतीच्या आरटीओत डॉक्टरांचे कागद घेऊन जाऊन विचार. उत्तर तोंडी नको, लेखी घे. तिथून नाही आलं, तर दादासाठी साधी तयार ऑटोमॅटिक गाडी घेऊ, त्यात मीही पैसे घालतो. कॉन्टेसा रविवारी तू चालव, तो शेजारी बसेल.

वहिनींना नमस्कार सांग. डिफरन्शियलचा आकडा कळव.

तुझा,
काका