ज्याची चिठ्ठी निघत नाही, त्याचे काय?



मुंबईत दादर आणि परळ यांच्या सीमेवर भोईवाडा नावाची वस्ती आहे. एके काळी हा सारा परिसर गिरणगावात मोडत असे. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की चाळीचाळींतून माणसे कामावर निघत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला आणि पुढील काळात एकेक गिरणी बंद पडत गेली. भोंगे थांबले, पण तिथल्या घरांतला एक जुना प्रश्न मात्र थांबला नाही. महिनाअखेर चार पैसे उरलेच, तर त्यांचे करायचे काय?

समजा, तुम्ही भोईवाड्यातल्या एका चाळीत राहता आणि नववीत शिकता. तुमचे बाबा कामावरून येताना रोज दहा रुपयांचे लॉटरीचे तिकीट घेतात. आई म्हणते, "अहो, तेच पैसे पोस्टात टाका ना!" बाबा म्हणतात, "अगं, पोस्टात टाकून कुणी बंगला बांधलाय का? एकदा लागली की सगळी चिंता मिटेल." ऐकताना दोघांचेही खरे वाटते. मग निवाडा कसा करायचा? कागद-पेन्सिल घ्या. आपण हिशेबच करून पाहू.

सगळीच तिकिटे घेतली तर?

आपल्या उदाहरणातील लॉटरीची एकूण एक लाख तिकिटे आहेत असे धरू. प्रत्येकाची किंमत दहा रुपये. पहिले बक्षीस एक लाख रुपयांचे, आणि बाकीची लहानमोठी बक्षिसे मिळून चार लाखांची. (हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत.)

आता कल्पना करा, की एखाद्या धनिकाने सगळीच्या सगळी तिकिटे विकत घेतली. आता तो हरूच शकत नाही! पहिले बक्षीस त्याचेच, शेवटचेही त्याचेच. पण त्याने दिले किती? दहा लाख. मिळाले किती? पाच लाख. सगळी बक्षिसे जिंकूनही तो पाच लाखांनी बुडाला!

याचाच अर्थ असा, की दहा रुपयांच्या प्रत्येक तिकिटामागे सरासरीने पाच रुपयेच परत येतात. गणितात याला 'अपेक्षित मूल्य' म्हणतात. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट राहिलेल्या खेळातील पैसे कसे वाटावेत, याविषयी एकमेकांना पत्रे लिहिली. त्या पत्रव्यवहारातूनच संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला गेला.

उरलेले पाच रुपये कुठे जातात? छपाई, विक्रेत्याचे कमिशन आणि लॉटरी चालवणाऱ्याचे उत्पन्न यांत. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. लोकांना बेकायदा मटक्यापासून दूर ठेवणे हाही तिचा एक हेतू होता. सरकारी लॉटरीतील उत्पन्न सरकारी तिजोरीत जाते, हे खरे. पण ते तुमच्या बाबांच्या खिशात परत येत नाही, हेही तितकेच खरे.

चिठ्ठीला आठवण नसते

बाबा म्हणतील, "इतकी वर्षे लागली नाही, म्हणजे आता लागणारच!" हे पडताळून पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. सारख्या आकाराच्या दहा चिठ्ठ्यांवर ० ते ९ अंक लिहून त्या डब्यात टाका. न बघता एक चिठ्ठी काढा, अंक वहीत लिहा, चिठ्ठी पुन्हा डब्यात टाका आणि डबा हलवा. असे शंभर वेळा करा.

आता वहीत ७ हा अंक शोधा. कधी तो लागोपाठ दोनदा आलेला दिसेल, कधी पंधरा-वीस वेळा आलेलाच नसेल. दहा वेळा चिठ्ठी काढूनही ७ एकदाही न येणे हे साधारण तीन प्रयत्नांत एकदा घडते. आणि दहा वेळा तो आला नाही, म्हणून अकराव्या वेळी त्याची शक्यता वाढते का? मुळीच नाही. डब्यात तेव्हाही दहाच चिठ्ठ्या असतात आणि त्यांत ७ ची एकच. मागे काय झाले, हे चिठ्ठीला ठाऊक नसते.

'मटका' हे नावही अशाच चिठ्ठ्यांवरून पडले. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर आकड्यांचा जुगार चाले. ते भाव येणे बंद झाल्यावर १९६० नंतरच्या दशकात मातीच्या मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरवला जाऊ लागला. गिरणगावातील कित्येक पगार त्या मडक्यात गेले.

वीस वर्षांचा हिशेब

रोज दहा रुपये म्हणजे वर्षाला ३,६५० रुपये. वीस वर्षांत ७,३०० तिकिटे आणि ७३,००० रुपये. एवढ्या काळात पहिले बक्षीस एकदा तरी मिळण्याची शक्यता शेकडा सुमारे ७. म्हणजे अशा शंभर माणसांपैकी त्र्याण्णव जणांना ते कधीच मिळणार नाही.

आता आईचा मार्ग पाहू. दर वर्षाच्या शेवटी ३,६५० रुपये ७ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले, असे धरू. (व्याजाचे दर बदलत असतात.)

१० वर्षांनी: भरलेले ३६,५००, जमा सुमारे ५०,४३०.
२० वर्षांनी: भरलेले ७३,०००; जमा सुमारे १,४९,६३०.

नीट पाहा. वीस वर्षांत व्याजच मुद्दलापेक्षा जास्त झाले! आणि एकूण रक्कम लॉटरीच्या पहिल्या बक्षिसाच्या जवळजवळ दीडपट झाली. तीही कोणतीही सोडत न काढता.

एक गोष्ट लपवू नये. महागाईमुळे वीस वर्षांनंतरच्या दीड लाखाला आजच्या दीड लाखाचे मोल नसेल. पोस्टात टाकून बंगला होत नाही, हे बाबांचे म्हणणेही बरोबर आहे. पण मुलीची फी, आजारपण, गावच्या घराचे छप्पर अशा वेळी हात पसरावा लागत नाही, एवढे त्यातून नक्की होते.

भिशी : न हरण्याची सोडत

मग सोडत म्हटली की वाईटच का? तसे नाही. चाळीतली भिशी आठवा. बारा बाया दरमहा पाचशे रुपये काढतात, चिठ्ठी टाकतात, आणि जिचे नाव निघेल तिला सहा हजार मिळतात. पुढच्या महिन्यात तिचे नाव गाळून उरलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकतात. इथेही नशीब आहे, पण ते केवळ 'केव्हा' हे ठरवते. वर्षभरात प्रत्येकीला तिचे सहा हजार मिळतातच. भिशीत व्याज नसते आणि सारा खेळ विश्वासावर चालतो, हे मात्र विसरू नये.

ब्रिटनमध्ये १९५६ साली सरकारने 'प्रीमियम बाँड' काढले. त्यांत व्याजाऐवजी बक्षिसे असतात, पण मुद्दल सुरक्षित राहते. १९५७ सालच्या पहिल्या सोडतीसाठी 'अर्नी' नावाचे यंत्र बनवले होते. निऑन नळ्यांतील विद्युतप्रवाहाच्या अनियमित चढउतारांतून ते आकडे निवडत असे.

म्हणून कोणतीही सोडत समोर आली, की एकच प्रश्न विचारा : ज्याची चिठ्ठी निघत नाही, त्याच्या पैशाचे काय होते? भिशीत ते पुढे मिळतात. प्रीमियम बाँडात मुद्दल टिकते. लॉटरीत ते जातात.

बाबांना उपदेश करू नका. दिवसभर राबणाऱ्या माणसाला त्या तिकिटात संध्याकाळपुरती एक आशा मिळत असते, आणि आशेची टिंगल करणे बरे नव्हे. वरचा हिशेब एका कागदावर स्वच्छ लिहा आणि म्हणा, "बाबा, माझं गणित बरोबर आहे का, जरा बघता?" पुढचा निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या.

करून पाहा

१. आपल्या लॉटरीतील बक्षिसांची एकूण रक्कम सात लाख असती, तर एका तिकिटाचे अपेक्षित मूल्य किती झाले असते?
२. वरच्या प्रयोगात ७ हा अंक जास्तीत जास्त किती वेळा सलग आला नाही, ते मोजा. वर्गातील मित्रांच्या वह्यांशी ताडून पाहा.
३. रोज दहाऐवजी पाच रुपये ठेवले, तर वीस वर्षांनी किती जमतील? उत्तर काढण्याआधी अंदाज लिहून ठेवा.